प्रस्थान ठेवलेली पिशवी

मित्रांनो, मी गळ्यात अडकवायची एक कापडी पिशवी. परदेशी जाणाऱ्या माणसाचा पासपोर्ट, तिकीट आणि औषधे सांभाळणे हे माझे काम. ते काम मला नीट करू दिले असते, तर तुम्हाला सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नसते. पण लोकांनी मला आधी देवापुढे ठेवले, मग अपशकुनी ठरवले आणि शेवटी माझाच देव केला. पिशवीला पिशवीसारखे वागवणारी माणसे मला फार थोडी भेटली. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. तो लपवून गोड बोलणे मला जमणार नाही.

माझे कापड उज्जैनजवळच्या भैरवगढचे. तिथे लाकडी ठशांनी कापड छापतात. मी खरे तर जाजम होणार होते. लग्नाच्या मांडवात पसरायची, शेकडो पाय झेलणारी जाडजूड जाजम. पण छापताना एका कडेला ठसा घसरला, लाल रंग काळ्यात फाकला आणि तेवढा पट्टा कापून बाजूला टाकण्यात आला. तो गौरीने उचलला.

गौरी माधव नगरातल्या एका मराठी घरातली सून. ती औषधशास्त्र शिकलेली होती आणि कॉलेजात तेच शिकवत होती. तिने पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, ओल्या बोटाने चोळून रंग सुटतो का ते पाहिले आणि मगच विकत घेतला. घसरलेल्या ठशाचे तिला काही वाटले नाही. ती कड तिने आतल्या बाजूला घेतली.

तो काळ बाजार नुकता खुला झाल्याचा होता. टावर चौकात परदेशी शीतपेयांच्या पाट्या झळकत होत्या, घरोघरी केबल आली होती. ज्या घरांत दूरचा प्रवास म्हणजे पुण्याचे लग्न, त्या घरांतही सिंगापूरच्या सहलीची रंगीत माहितीपत्रके हातोहात फिरत होती. गौरीच्या सासूबाई अनसूयाबाई यांनी असेच एक पत्रक उशीखाली ठेवले होते. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दुकाने, झगमगाट, उंच इमारती यांतले काहीच त्यांना पाहायचे नव्हते. त्यांना सावली पाहायची होती.

उज्जैन कर्कवृत्ताला लागून आहे. जूनमधले थोडे दिवस सोडले तर तिथे भर दुपारी माणसाची सावली उत्तरेकडे पडते. पण विषुववृत्ताजवळ गेले की मे महिन्यात सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. अनसूयाबाईंनी फळ्यावर ही आकृती काढून किती मुलींना शिकवले होते, याची गणती नाही. स्वतः मात्र त्यांनी तशी सावली एकदाही पाहिली नव्हती.

"सावली बघायला सिंगापूरला जायचं?" त्यांचे यजमान श्रीकांतराव म्हणत. ते बँकेतून निवृत्त झाले होते. "उज्जैनात काय सावलीची कमी पडली?"

"तुम्ही दुकानं बघा. मी सावली बघते," अनसूयाबाई म्हणत. "एकमेकांच्या मध्ये यायचं नाही."

शेवटी मे महिन्यातल्या सहलीचे पैसे भरले गेले. त्या दिवशी गौरी शिवणयंत्रावर बसली आणि माझा जन्म झाला.

माझे चारही कप्पे तिने विचार करून शिवले. अंगाला चिकटणाऱ्या बाजूला पासपोर्ट आणि तिकिटाचा कप्पा, म्हणजे दुसऱ्याचा हात तिथे सहज पोचू नये. त्याच्यापुढे ट्रॅव्हलर्स चेकचा. तिसरा औषधांचा. अनसूयाबाईंना दमा होता, म्हणून त्यात नवा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर गौरीने औषधाचे मूळ नाव लिहून घेतले होते, कारण कंपनीने दिलेले नाव परदेशातल्या दुकानात कोणी ओळखीलच असे नाही. चौथा कप्पा लहान. त्यात सूटकेसच्या किल्ल्या, विमानात फॉर्म भरायला पेन आणि अनसूयाबाईंचे शाळेतले होकायंत्र.

पासपोर्टची झेरॉक्स मात्र तिने माझ्यात ठेवू दिली नाही. एक प्रत सूटकेसमध्ये ठेवली, एक स्वतःच्या कपाटात. चेकचे नंबरही वेगळ्या कागदावर. श्रीकांतराव म्हणाले, "सगळं एका जागी असलेलं बरं न?"

"बाबा, पिशवी हरवली तर प्रतही तिच्याबरोबर जाईल. मग प्रत काढायची कशाला?"

तिला दोघांसाठी दोन पिशव्या शिवायच्या होत्या, प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाच्या गळ्यात. श्रीकांतरावांनी हात झटकले. "माझ्या गळ्यात जानवं आहे, तेवढं पुरे. तुझ्या सासूच्याच गळ्यात घाल सगळं." म्हणून दोघांचेही पासपोर्ट माझ्याकडे आले. मला ते आवडले नव्हते, पण जबाबदारी म्हणून मी ते पोटात घेतले.

गौरीने मला अनसूयाबाईंच्या गळ्यात घातले, दोरीची लांबी बरोबर केली आणि म्हणाली, "आई, निघताना ही घालायची आणि घरी परत येईपर्यंत काढायची नाही. झोपतानासुद्धा उशाशी नाही, गळ्यातच."

अनसूयाबाईंनी पदर वरून घेतला. मी कोणाला दिसेनाशी झाले. हीच माझी खरी जागा होती, मित्रांनो. तिथे मला एकच रात्र मिळाली.

कारण दुसऱ्या दिवशी कुसुमआत्या आल्या. त्या श्रीकांतरावांच्या थोरल्या बहीण, पाठवणीसाठी धारहून मुद्दाम आलेल्या. येताना त्यांनी डबाभर अनारसे आणले होते. गौरीने डबा उघडला आणि लगेच बंद केला.

"आत्या, याला खसखस आहे. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे."

"खसखशीला बंदी? तिथं काय माणसं राहत नाहीत का?"

"राहतात. पण खसखस खात नाहीत. अफूच्या बोंडातली असते म्हणून चालत नाही त्यांना. हे आपण इथंच खाऊ."

आत्यांना ते लागले. जेवणे झाल्यावर त्यांनी पंचांग मागवले. "गाडी कोणत्या वारी?"

"शुक्रवारी, ताई," श्रीकांतराव म्हणाले. "शनिवारी पहाटे मुंबई आणि दुपारी विमान."

"शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतो. आपल्याकडे शुक्रवारी पश्चिमेला पाऊल नाही टाकत."

"मुंबई नैऋत्येला आहे, वन्सं," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि सिंगापूर आग्नेयेला. शूल नेमका कुठला धरायचा?"

"मास्तरणीचं डोकं इथं नको चालवू. पहिलं पाऊल धरतात. वार बदलत नसेल तर गुरुवारी प्रस्थान ठेवा."

तुमच्यापैकी काहींना ही रीत ठाऊक नसेल. निघायचा दिवस चांगला नसला, तर आदल्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवतात. वस्तू निघाली म्हणजे माणूसच निघाला, असे मानायचे. मग प्रत्यक्ष निघताना ती वस्तू तिथून उचलायची आणि मागे न वळता पुढे जायचे.

गौरी म्हणाली, "गुरुवार इतका चांगला आहे तर आई-बाबाच गुरुवारी निघू देत ना, आत्या. मी पहिल्यापासून म्हणतेय, विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलेलं बरं. गाडीचा काय भरवसा?"

"आणि रात्री उतरायचं कुठं?" श्रीकांतराव म्हणाले. "कोणाकडे जाऊन फालतू तकलीफ द्यायची? नाही, शुक्रवारच ठीक आहे."

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. माणसांना एक दिवस आधी निघणे जमत नव्हते, म्हणून त्यांनी पिशवीला एक दिवस आधी पाठवायचे ठरवले.

गौरीने रुमाल पुढे केला. आत्यांनी तो बाजूला सारला. "प्रवासात सदा अंगावर राहील ती वस्तू लागते. तूच सगळ्यांना सांगतेस ना, ही पिशवी गळ्यातून काढायचीच नाही म्हणून? मग हीच ठेवायची."

गौरीचे वाक्य गौरीवरच उलटले. "निदान आतलं तरी काढून घेते," ती म्हणाली.

"रिकामं प्रस्थान ठेवतात का कुठं? तशानं हात रिकामे परत येतात."

गौरीने सासूबाईंकडे पाहिले. अनसूयाबाईंनी नणंदेकडे पाहिले. "जाऊ दे गं. गोपाळभावजींचं घर स्टेशनच्या वाटेवरच आहे. जाताजाता उचलू."

एवढेच त्यांचे चुकले. त्या काही अडाणी नव्हत्या. घरात भांडण नको, एवढाच त्यांचा विचार होता.

गुरुवारी मला ताटात ठेवले. माझ्या अंगावर हळद पडली, कुंकू पडले, अक्षता पडल्या. एक अक्षत चेनमध्ये अडकली. त्या चेनला गौरीने मेण लावून सरकती केली होती. आता ती अडली, पण कोणी पाहिले नाही. श्रीकांतरावांनी ताट दोन्ही हातांत धरून मला टावर चौकात नेले. तिथे एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ गोपाळ आणि त्याची बायको सुलू राहत होती.

"सुलू, प्रस्थान आणलंय," श्रीकांतराव म्हणाले. याहून जास्त काही म्हणाले नाहीत.

सारा घोटाळा या एका शब्दात होता. सुलू देवासची. तिच्या माहेरी प्रस्थान म्हणजे तांदूळ, सुपारी आणि हळकुंड यांचे कापडात बांधलेले पुडके. ते कोणी परत न्यायला येत नसे. माणसे सुखरूप गेल्याचे कळले की तांदूळ गाईला घालायचे, संपले. आणि त्या घरीही, या घरीही, प्रस्थानाला उगाच हात लावायचा नाही, उघडून तर मुळीच पाहायचे नाही. सुलूने मला देवघरात ठेवले, नमस्कार केला आणि ती पोळ्या लाटायला गेली. तिने मला एकदा उचलून पाहिले असते, तरी तांदूळ-सुपारीला पासपोर्टचे कोपरे नसतात हे तिच्या लक्षात आले असते. पण पूज्य वस्तू कोणी चाचपत नाही.

शुक्रवारी दुपारी खालच्या दुकानात सुलूसाठी फोन आला. देवासला तिचे वडील घसरून पडले होते. दोघे घाईघाईने निघाले.

"आज दादा-वहिनींना गाडीवर सोडायचं होतं," गोपाळ म्हणाला.

"त्यांचं प्रस्थान आहे न आपल्याकडे. ते सुखानं जातील," सुलू म्हणाली. प्रस्थान म्हणून नेमके काय ठेवले आहे, हे घाईत गोपाळनेही विचारले नाही. जाता जाता तिने मला पुन्हा हात जोडले. मग बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

मी ओरडू शकत नाही. माझ्या पोटात दोन माणसांचे जाणे-येणे होते, आणि मी गणपती आणि अन्नपूर्णेच्या मध्ये गप्प बसून होते.

संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली. मग दारावर थाप पडली. "गोपाळ! अरे गोपाळ!"

खालून किराणावाल्याचा आवाज आला. "वो तो दोपहर में देवास निकल गए, भिया। सुलू भाभी के बाबूजी गिर गए।"

"और चाबी?"

"चाबी तो नी दे के गए।"

मग अनसूयाबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "कुलूप तोडा."

"वेडी आहेस का?" श्रीकांतराव म्हणाले. "चांगल्या कामाला निघालोय आपण. निघतानाच भावाच्या घराचं कुलूप तोडायचं?"

"आत पासपोर्ट आहे."

"आत प्रस्थान आहे," कुसुमआत्या म्हणाल्या. त्याही सोडायला आल्या होत्या. "घर फोडून निघालेल्याला कधी यश येत नाही. श्रीकांत, आधी फोन लाव. गोपाळ येईल."

श्रीकांतराव चौकातल्या एसटीडीच्या दुकानात गेले. देवासला सुलूच्या माहेरी फोनच नव्हता. शेजाऱ्यांचा नंबर होता आणि तो लागत नव्हता. ते परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. गाडीची वेळ जवळ येत होती. त्या दाराला लागलेले कुलूप लहानसे, साधे घरगुती कुलूप होते. त्याच्या एका बाजूला सावली पाहायला निघालेली बाई आणि दुसऱ्या बाजूला मी. मध्ये फक्त एक शकुन.

मग अनसूयाबाईंचा श्वास वाजू लागला.

मेची उष्णता, जिन्याची चढउतार आणि मनातली धडधड. मला तो आवाज दारातूनही ओळखू आला. त्याच आवाजासाठी तर माझा तिसरा कप्पा शिवला होता. घरातला जुना पंप संपत आला होता, म्हणून तो घरीच राहिला होता. नवा माझ्यात होता.

"सूटकेसमध्ये दुसरा पंप ठेवलाय मी," गौरी म्हणाली आणि धावत खाली रिक्षाकडे गेली. तशीच परत आली. सूटकेसला कुलूप होते आणि तिच्या किल्ल्या माझ्या चौथ्या कप्प्यात होत्या. तिची आखणी अजिबात चुकलेली नव्हती, मित्रांनो. पिशवी गळ्यात असेल, एवढे एकच तिने गृहीत धरले होते.

या वेळी तिने कोणाला विचारले नाही. खाली तिचा आवाज ऐकू आला, "भैयाजी, कोई भारी चीज दीजिए, जल्दी।"

"ये लो भाभी, बाट ले लो।"

लोखंडी वजनाचा घाव कुलपावर बसला. दुसऱ्या घावाला कडी वाकली, तिसऱ्याला कुलूप खाली पडले. गौरी चपला न काढता थेट देवघरात आली आणि तिने मला उचलले. चेन अक्षतीपाशी अडली. तिने ती जोर लावून ओढली आणि माझी कड थोडी फाटली. ती फाटल्याचे मला काही वाटले नाही. उलट त्या दोन दिवसांत तेवढाच एक हात मला माझ्या कामासाठी लागला होता.

पंप ओढल्यावर हळूहळू अनसूयाबाईंचा श्वास खाली बसला. त्या जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. टावर चौकाच्या, म्हणजे फ्रीगंजच्या, त्या भागात स्टेशनचे आवाज स्पष्ट येतात. गाडीची शिटी आली. डबे रुळांवरून खडखडत गेलेलेही ऐकू आले. दुसरी कोणतीही गाडी धरून ते विमान मिळणार नव्हते.

अनसूयाबाईंनी श्रीकांतरावांकडे पाहिले. "कुलूप तर तुटलंच," त्या म्हणाल्या.

सहल त्यांच्यावाचून गेली. तुम्हाला वाटेल, आता तरी घरात कोणी म्हणाले असेल की चूक आपली झाली. छे. आठ दिवसांत दोष माझ्यावर आला. कुसुमआत्यांना माझी आतली कड दिसली होती. "ठसाच वाकडा आहे हिचा. टाकाऊ कापडाची पिशवी, तिचा पायगुण दुसरा काय असणार?" श्रीकांतरावांना ते पटले, कारण ते पटले की स्वतःला काही विचारावे लागत नव्हते. मला ट्रंकेत टाकले. वर्षभर मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात आणि जुन्या लोकरी टोप्यांखाली पडून होते. अंगावर हळद-कुंकवाचे डाग तसेच होते.

मग एके सकाळी ट्रंक उघडली. अनसूयाबाईंनी मला बाहेर काढून गौरीकडे दिले. "चेन नवी लाव. परत पैसे भरलेत मी."

श्रीकांतराव या वेळी येणार नव्हते. "एकदा अडथळा आला म्हणजे वरच्याची इच्छा नव्हती," ते म्हणाले.

"अडथळा वरून नव्हता आला. बाहेरून कुलूप होतं."

सोबत त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या चारुलताबाई होत्या. त्यांच्यासाठी गौरीने वेगळी पिशवी शिवली. दोघी विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचतील अशा बेताने निघाल्या. वार कोणता होता ते अनसूयाबाईंनी पाहिले नाही, आणि श्रीकांतरावांनी पाहिले तरी सांगितले नाही. दारात ते वाटी घेऊन उभे होते.

"दही तरी खाऊन जा."

"द्या," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळी वाटी संपवली. "दह्याशी माझं भांडण नाही."

सिंगापूरच्या विमानतळावर त्यांची सूटकेस आली नाही. ती एक दिवस उशिरा येणार होती. सहलीतल्या आणखी एका गृहस्थांचीही राहिली होती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच सूटकेसमध्ये होत्या, आणि गोळीचे नाव विचारले तर "पांढरी, छोटी" एवढेच त्यांना सांगता येत होते. त्यांची सारी सकाळ डॉक्टर शोधण्यात गेली. अनसूयाबाईंनी माझा तिसरा कप्पा चाचपला आणि त्या चारुलताबाईंच्या साड्यांपैकी एक नेसून फिरायला तयार झाल्या.

सूर्य पुरता वर आला तेव्हा मंडळी बसमध्ये चढत होती. अनसूयाबाई मोकळ्या फरसबंदीवर उभ्या राहिल्या. त्यांनी होकायंत्र काढले, तळहातावर धरले आणि सुई स्थिर होईपर्यंत थांबल्या. मग पायाशी पाहिले. आखूड, काळीभोर सावली दक्षिणेकडे पडली होती. त्या सावलीत गळ्यातून लोंबणारा माझाही एक चौकोन होता.

"चारुलता, बघ गं."

"पडली की खरंच," चारुलताबाई म्हणाल्या. "फळ्यावर काढायचीस तशीच."

"मॅडम, बस थांबलीय," गाइड म्हणाला.

"थांबू दे. आम्ही वर्षभर थांबलोय."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे सुखाने संपली असती. पण लोकांना सरळ गोष्ट पचत नाही. अनसूयाबाई परत आल्या आणि उज्जैनच्या मराठी घरांमध्ये बातमी पसरली: सूटकेस हरवली तरी बाईंचे काही अडले नाही, ती पिशवी लाभाची आहे. जी काल अपशकुनी होती, ती आज पावणारी झाली. मला सर्वांत आधी नमस्कार कोणी केला असेल? श्रीकांतरावांनी. त्यांनी मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. जो परदेशी निघे तो मला मागून नेई. कप्पे कशासाठी आहेत हे कोणी विचारीत नसे. कोणी मला सूटकेसच्या तळाशी घाली, कोणी नुसती सामानाला टेकवून परत करी.

प्रकाशराव नावाच्या एका गृहस्थांनी तर माझ्या औषधांच्या कप्प्यात महाकालाच्या भस्माची पुडी ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, गोळ्या नाहीत, फक्त कागदात घडी घातलेली करडी पूड. परदेशातल्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती उघडली. भस्माला इंग्रजीत काय म्हणतात ते प्रकाशरावांना ऐन वेळी आठवेना. शेवटी ते "होली पावडर" म्हणाले आणि प्रकरण आणखी चिघळले. अर्धा दिवस त्यांना एका खोलीत बसवून ठेवले. सुटून आल्यावर ते सगळ्यांना सांगत सुटले, "पिशवी होती म्हणून वाचलो." मला काचेतून हे ऐकावे लागले.

शेवटी गोपाळ आणि सुलूचे बँकॉकला जायचे ठरले. सुलू मला न्यायला आली. श्रीकांतरावांनी मला कपाटातून काढले, कपाळाला लावले आणि तिच्यापुढे धरले. "घे. हिच्यात गुण आहे."

"सुलू, तू हिच्यात काय काय ठेवणार?" अनसूयाबाईंनी विचारले.

"ठेवायचं काय, वहिनी? कपड्यांच्या मध्ये नुसती असू दे."

"आणि पासपोर्ट?"

"ते यांच्या शर्टाच्या खिशात."

अनसूयाबाईंनी मला श्रीकांतरावांच्या हातातून घेतले. "गौरी, कात्री आण."

"अगं, काय करतेस?"

"गुण शोधते."

त्यांनी माझी एकेक शिवण उसवली. दोरी वेगळी केली, चेन वेगळी केली, चारही कप्पे सुटे करून वर्तमानपत्रावर पसरले. सुलूच्या चेहऱ्यावर प्रथम भीती होती. मग ती हळूहळू पुढे वाकली.

"हे कापड, ही चेन, ही दोरी," अनसूयाबाई म्हणाल्या. "यात गुण कुठं दिसला तर मला सांगा. नाही दिसत ना? मग सुलू, पेन्सिल घे. याच्यावरून माप काढ आणि तुमच्या दोघांसाठी दोन शिव. कोणता कप्पा कशाला, ते गौरी सांगेल."

"मला शिवता येईल का पण?" सुलू म्हणाली.

"कुलूप लावता येतं तर चेनही लावता येईल," गौरी म्हणाली. सुलूला हसू आले, आणि तिने पेन्सिल घेतली.

आता मी गौरीच्या शिवणयंत्राच्या खणात असते, सुटी, घडी घातलेली, टाचणीने कागदाला लावलेली. सुलूनंतर आणखी किती जणींनी माझ्यावरून माप काढले. कोणी इन्सुलिनसाठी रुंद कप्पा केला, कोणी जादा चष्म्यासाठी लांब. एकही पिशवी माझ्यासारखी नाही, आणि तशी असायलाही नको, कारण एकाही माणसाची गरज दुसऱ्यासारखी नसते. उसवले जाताना मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. खरे सांगते, काचेच्या कपाटात जास्त दुखत होते.

मित्रांनो, तुम्हीही कधी परदेशी जाल. चांगला वार पाहायचा तर पाहा, दही खा, मोठ्यांच्या पाया पडा. त्याला माझी ना नाही. पण पासपोर्ट स्वतःच्या अंगावर ठेवा आणि त्याची प्रत त्याच्यापासून दूर ठेवा. औषध हाताशी ठेवा आणि त्याचे नाव पाठ करा. विमानाच्या आदल्या दिवशी पिशवीला नव्हे, स्वतःला पोचवा. आणि ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही घराबाहेर पडणार आहात, तिला नमस्कार करण्याआधी तिची चेन उघडून आत काय आहे ते एकदा पाहा.